पेशंट नकोत की वॉर्ड नको?

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. माझी इंटर्नशिप संपत आली आहे आणि पीजीसाठी (पदव्युत्तर शिक्षणासाठी) ब्रँच ठरवायची आहे. सगळे सिनियर एकच सांगतात, आधी ठरव की तुला पेशंट हवेत की नकोत. हवे असतील तर मेडिसिन, पीडियाट्रिक्स, गायनॅक. नको असतील तर रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी, ॲनेस्थेशिया. माझं इथेच अडलं आहे. माणसांशी बोलायला आवडतं म्हणून मी मेडिकलला आले. पण मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये शेवटी शेवटी वॉर्डच्या दाराशी आलं की पोटात गोळा यायचा. एका पेशंटच्या मुलाने सगळ्यांसमोर माझ्यावर आवाज चढवला, त्यानंतर तर जास्तच. पुढे रेडिओलॉजीला गेले. त्या अंधाऱ्या खोलीत इतकं शांत वाटलं की म्हटलं, हेच आपलं. आणि लगेच अपराधी वाटायला लागलं. पेशंट टाळणारी डॉक्टर ही कसली डॉक्टर? तुम्ही स्वतः भूलतज्ज्ञ आहात म्हणून विचारते, पेशंटशी संबंध येत नाही याचं तुम्हाला कधी वाईट वाटलं का?
– एक इंटर्न

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो वाचून हसू आलं. भूलतज्ज्ञाचा पेशंटशी संबंध येत नाही असं तुला ज्यांनी सांगितलं, ते ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, बहुधा पडद्याच्या पलीकडे, सर्जनच्या बाजूला उभे राहून आले असणार. माझ्या बाजूला पेशंटचं डोकं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी कॉटशेजारी स्टूल ओढून बसते. तोंड उघडा, जीभ बाहेर काढा, मान मागे टाका. पुढचा दात हलतोय का? कवळी आहे का? दोन जिने चढलात तर दम लागतो का? आधी कधी भूल घेतली होती का, तेव्हा उलट्या झाल्या का, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का? ‘झोपेत घोरता का’ या प्रश्नाला पेशंट ठामपणे ‘नाही’ म्हणतो, शेजारी उभी असलेली बायको हसते आणि मी कागदावर ‘हो’ लिहिते. एवढं झाल्यावर मी लगेच उठत नाही. पेनाला टोपण लावते आणि बसून राहते, कारण खरा प्रश्न आता यायचा असतो. दाराकडे एक नजर टाकून, आवाज खाली आणून, ‘डॉक्टर, मी उठेन ना?’ किंवा ‘मध्येच जाग आली तर?’ हे सर्जनला फारसं कुणी विचारत नाही. त्यांच्याशी आजाराचं बोलणं होतं, भीतीचं माझ्या वाट्याला येतं.

हे बोलणं म्हणजे नुसता गोडवा नव्हे. 1964 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाचं ऑपरेशन व्हायचं होतं अशा 97 पेशंटवर एक साधा प्रयोग केला. काही जणांना भूलतज्ज्ञाने नीट बसून सांगितलं की ऑपरेशननंतर कुठे दुखेल, किती दुखेल, कुशीवर कसं वळायचं, पोटाचे स्नायू सैल कसे सोडायचे. बाकीच्यांना नेहमीसारखंच. कोण कोणत्या गटात हे सर्जनना माहीत नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं त्यांना दुखणं थांबवायचं अफूजन्य औषध निम्म्याच्या आसपास लागलं, आणि सर्जननी त्यांना सरासरी 2.7 दिवस आधी घरी सोडलं. माझ्या ब्रँचमधला पेशंटशी संबंध हा असा आहे. वेळ थोडा, पण ऐन मोक्याचा.

आता दुसरी बाजूही ऐक. ओटीत आल्यावर सलाईनमधून थोडं मिडॅझोलाम हे गुंगीचं औषध गेलं की त्यानंतर मी काय बोलले, हात धरला होता की नाही, यातलं पेशंटला बहुतेक काही आठवत नाही. दोन दिवसांनी वॉर्डात डोकावले तर ‘तुम्ही कोण?’ असं विचारणारे भेटतात. आभार सर्जनचे मानले जातात, फॉलो-अपला ते सर्जनकडे जातात, टाके काढल्यावर कसे चालत घरी गेले ते मला दिसत नाही. मला याचं काही वाटत नाही. माझ्याबरोबरच्या एका मैत्रिणीला मात्र फार वाटायचं. ती दुसऱ्या वर्षी भूलशास्त्र सोडून मेडिसिनला गेली. आपल्याला पेशंटने ओळखावं, पुन्हा आपल्याकडेच यावं ही तिची गरज होती आणि ती तिने लपवली नाही. ब्रँच निवडताना ‘पेशंट आवडतात का’ यापेक्षा ‘पेशंटने मला लक्षात ठेवलेलं हवं का’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. लोक तो स्वतःला विचारत नाहीत, कारण उत्तर ‘हो’ आलं तर हावरटपणा वाटतो. तो हावरटपणा नाही.

आता तुझ्याकडे. पत्रात तू लिहिलंस, ‘वॉर्डच्या दाराशी पोटात गोळा यायचा’. दाराशी. कॉटशी नव्हे. पत्र पुन्हा वाचून बघ, त्यात एकाही पेशंटबद्दल तक्रार नाही. एका पेशंटच्या मुलाबद्दल आहे. माझी शंका अशी की तुला वॉर्ड नकोसा झाला आहे आणि त्याचा दोष तू पेशंटच्या नावावर टाकते आहेस.

इंटर्न वॉर्डात दिवसभर काय करते ते तू मला सांगायला नको. ब्लड काढा, लॅबला पळा, रिपोर्ट आला नाही म्हणून फोन करा, सोनोग्राफीची वेळ मिळवा, केस पेपर भरा, डिस्चार्ज कार्ड लिहा, राउंडला आकडे पाठ करून उभे राहा. यात पेशंटशी बोलणं किती? 2013 साली छापून आलेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या दोन रुग्णालयांतल्या इंटर्नच्या मागे घड्याळ घेऊन माणसं फिरवली होती. प्रत्यक्ष पेशंटपाशी गेलेला वेळ निघाला 12 टक्के, एका पेशंटमागे दिवसाला जेमतेम आठ मिनिटं. कॉम्प्युटरपुढे 40 टक्के. म्हणजे ज्याला तू ‘पेशंट असलेली ब्रँच’ म्हणते आहेस त्या ब्रँचच्या वॉर्डात पेशंट होते, पण तुझ्या वाट्याला आले होते ते त्यांचे कागद. आणि झोप नव्हती हे वेगळंच. चोवीस तास जागलेल्या माणसाला सगळं जगच नकोसं वाटतं, त्यावरून ब्रँच ठरवायची नसते.

म्हणून एक कर. वही घे आणि त्या पोस्टिंगमधले सगळ्यात वाईट गेलेले प्रसंग आठवून लिही. प्रत्येकापुढे लिही की समोर कोण होतं: पेशंट, नातेवाईक, सिनियर, कागद की झोप. मग चांगले गेलेले प्रसंग लिही. कुणाची हिस्ट्री (आजाराची सगळी हकिगत) घेताना वेळ कसा गेला कळलं नाही? कुणाची शीर एका झटक्यात मिळाली म्हणून बरं वाटलं? शीर मिळाल्याचा आनंद आणि हिस्ट्रीचा आनंद हे दोन वेगळे आनंद आहेत. पहिला ज्यांना जास्त होतो ते हाताच्या कामात रमतात, त्यांना पेशंट शांत पडलेला चालतो.

नातेवाईकांबद्दल वेगळं लिहिते, कारण या बाबतीत फार जणांची फसगत होते. ‘मला मुलं आवडतात’ म्हणून पीडियाट्रिक्स घेणारे मी पुष्कळ पाहिले. पीडियाट्रिक्समध्ये पेशंट मूल असतं, पण बोलणं सगळं आईशी, आजीशी आणि फोनवर वडिलांशी. हिस्ट्री आई देते, औषध आई पाजते, रात्री दोनला शंका आईला येते. आयसीयूत तर पेशंट व्हेंटिलेटरवर, म्हणजे संवाद जवळजवळ पूर्ण नातेवाईकांशी, आणि तोही त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्यात. जे तुझ्यावर ओरडले ते तिथे रोज भेटतील. माणूस ओरडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला घाबरलेलं असणं आणि रागावलेलं असणं यातला फरक करता येत नसतो. ते ऐकून घेऊन पाच मिनिटांनी त्याच माणसाला खुर्ची देणं ही शिकता येण्यासारखी गोष्ट आहे. पण शिकायची इच्छा नसेल तर या दोन ब्रँचपासून लांब राहिलेलं बरं, मुलं कितीही आवडोत.

‘पेशंट असलेल्या’ ब्रँचही आपापसात इतक्या वेगळ्या आहेत की त्यांना एका ओळीत बसवणं म्हणजे गंमतच आहे. डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून साधारण तीन वेळा येतो, दरवेळी चार तास, वर्षानुवर्षं. नेफ्रोलॉजिस्टला, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरला, त्याच्या घरातली भांडणंसुद्धा माहीत असतात. कॅज्युअल्टीतला डॉक्टर त्याच माणसाला वीस मिनिटं भेटतो, कदाचित जीव वाचवतो, आणि वरच्या मजल्यावर पुढे काय झालं हे त्याला पुष्कळदा कळत नाही. काही जणांना हे न कळणंच झेपतं. त्वचारोगात दिवसाला भरपूर माणसं, प्रत्येकाशी थोडंच बोलणं, पण चेहऱ्यावरच्या डागाची लाज किती खोल असते हे त्या थोड्या वेळात कळावं लागतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्यात नुसते थेंब टाकलेले असतात, पेशंट जागा असतो, तुमचा प्रत्येक शब्द ऐकतो. नेत्रतज्ज्ञाने ‘अरे’ म्हणायचं नसतं! मानसोपचारात बोलणं हे उपचारांच्या आधीचं काम नसतं, बऱ्याचदा तोच उपचार असतो. तिथे शांत बसता यायला हवं, आणि ते अवघड आहे.

वर्षानुवर्षं तोच डॉक्टर असण्याला वैद्यकीय वजनही आहे. 2018 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी नऊ देशांतले 22 अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या 18 अभ्यासांत असं दिसलं की पेशंट त्याच त्या डॉक्टरकडे जात राहिला तर मृत्यूचं प्रमाण कमी असतं. कारण काय, हे अशा आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण फॅमिली डॉक्टरला ‘नुसता सर्दी-खोकल्याचा डॉक्टर’ म्हणणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही. तुला माणसांच्या गोष्टी पुढे काय झाल्या हे कळायला हवं असेल, तर ही बाजू तपासून बघ. त्यात वॉर्ड नसतो, खोली असते, दार लावता येतं.

अंधारी खोली तुला आवडली यात नवल काहीच नाही. वॉर्डातून आल्यावर कुणालाही आवडेल. पण तू रिपोर्टिंग रूममध्ये बसलीस. शेजारच्या खोलीत सोनोग्राफी चालू होती ना, तिथे गेली होतीस का? तिथे प्रोब पोटावर ठेवल्या क्षणापासून पेशंट स्क्रीनकडे बघत नाही, तुझ्या चेहऱ्याकडे बघतो. गरोदर बाईच्या पोटात बाळाचे ठोके सापडत नाहीत तेव्हा ते सगळ्यात आधी रेडिओलॉजिस्टला कळतं, आणि त्या वेळी त्या खोलीत दुसरा डॉक्टर नसतो. चेहरा सरळ ठेवून प्रोब फिरवत राहायचं, पुन्हा एकदा खात्री करायची, मग बोलायचं. ‘नको असलेले पेशंट’ तिथे असे समोर येतात. रेडिओलॉजी घे, जरूर घे, पण हे बघून घे.

राहिला अपराधीपणा. तो मला पटत नाही. पॅथॉलॉजिस्टच्या फ्रोझन सेक्शनचं उदाहरण घे. पेशंट टेबलावर, पोट उघडं, सर्जन हात थांबवून उभा. गाठीचा तुकडा लॅबमध्ये येतो, गोठवून त्याचे पातळ काप काढतात, रंगवून काचेवर घेतात, आणि साधारण वीस मिनिटांत सांगायचं असतं की कॅन्सर आहे की नाही, कापलेल्या तुकड्याची कड कॅन्सरपासून मोकळी आहे की नाही. त्या पेशंटचं नावसुद्धा पॅथॉलॉजिस्टने फॉर्मवरच वाचलेलं असतं. तिच्या एका वाक्यावर आणखी किती कापायचं ते ठरतं. तिला कुणी विचारावं, तू पेशंट टाळतेस का म्हणून!

आणि आमच्याच ब्रँचच्या व्हर्जिनिया ॲपगार. सर्जन व्हायला निघाल्या होत्या, वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. बाळंतपणात सगळ्यांचं लक्ष आईकडे असायचं, या आईच्या डोक्याशी उभं राहून बाळाकडे बघायच्या. ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद, रंग, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. 1952 मध्ये मांडलेली आणि 1953 मध्ये छापून आलेली ही ‘ॲपगार स्कोअर’ची पद्धत तू लेबर रूमच्या पोस्टिंगमध्ये रोज वापरलीस. पेशंटशी संबंध नसलेल्या ब्रँचमधून ती आली.

आता पुढचे जे थोडे आठवडे आहेत त्यात रेसिडेंटच्या, म्हणजे पीजी करत असलेल्या डॉक्टरांच्या, मागे फिरू नकोस. रेसिडेंटकडे बघून ब्रँच ठरवणं हा इंटर्नचा नेहमीचा घोटाळा आहे. रेसिडेन्सी थोड्या वर्षांची, काम पुढची तीस वर्षं. दहा-पंधरा वर्षं झालेल्या कन्सल्टंटला विचार, ‘मॅडम, तुमचा कालचा दिवस सकाळपासून सांगा.’ ब्रँच कशी आहे हे विचारू नकोस, सगळे ‘छान आहे’ म्हणतात. कालचा दिवस विचार. एका भूलपूर्व तपासणीच्या ओपीडीत बस, एका फॅमिली डॉक्टरकडे बस, आणि सोनोग्राफीच्या खोलीत तर बसच. कुठे घड्याळाकडे बघावंसं वाटलं ते लिहून ठेव. प्रवेश परीक्षेचे गुण कुठपर्यंत नेतील हा भाग निराळा, त्यावर मी इथून काही सांगू शकत नाही. पण दोन-तीन ब्रँच हाताशी आल्या तर त्यातली कुठली, हे तुला या वहीवरून कळेल.

प्रश्न : आमची मुलगी पॅथॉलॉजी घ्यायचं म्हणते आहे. ती लहानपणापासून अतिशय बोलकी, कुणाशीही ओळख काढणारी. सगळे म्हणायचे, हिच्या नुसत्या बोलण्याने पेशंट बरे होतील. आता दिवसभर मायक्रोस्कोपशी बोलणार का? तिच्या बाबांनाही वाईट वाटतंय, पण तिच्यासमोर बोलत नाहीत. तुम्ही तिला चार शब्द सांगाल का?
– एक आई

उत्तर : ताई, चार शब्द तिला नाही, तुम्हालाच सांगते. रागावू नका.

बोलका स्वभाव आणि पेशंट बघणं यांचा संबंध आपल्याला वाटतो तितका सरळ नाही. 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटच्या भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. पेशंटने आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत मध्ये बोलत होते. हे डॉक्टर काही घुमे नव्हते, छान बोलके असणार! ओपीडीत जास्त काम गप्प बसण्याचं असतं. तुमची मुलगी वाईट डॉक्टर होईल असं मी मुळीच म्हणत नाही. एवढंच की तिच्या बोलकेपणावरून तिने काय घ्यावं हे ठरत नाही. तो स्वभाव लॅबमध्येही वाया जात नाही.

पॅथॉलॉजीचं काम तुम्हाला वाटतं तितकं मुकं नसतं. गळ्याला, स्तनाला, मानेला लागलेल्या गाठीत बारीक सुई घालून पेशी काढतात त्याला एफएनएसी म्हणतात, आणि ते बऱ्याच ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट स्वतः करतात. माझी एक पॅथॉलॉजिस्ट मैत्रीण गेली कित्येक वर्षं ही ओपीडी चालवते. समोरच्या बाईला माहीत असतं की ही सुई कशासाठी आहे. सुई घालायच्या आधी मैत्रीण तिच्या कामाबद्दल, मुलांबद्दल काहीतरी विचारते, ती उत्तर देत असतानाच सुई जाऊन येते. स्लाइडवर थेंब पसरवतानाही तिची बडबड चालूच असते. बाई विचारते, ‘कसं दिसतंय?’ तर सांगते, ‘अजून रंगवायचंय, आत्ता मलाही काही दिसत नाही.’ जे खरंच आहे. मग रक्तपेढी आहे, तिथे रक्तदाते आहेत. शिवाय दिवसभर सर्जनचे फोन, कॅन्सरच्या पेशंटसाठी भरणाऱ्या बैठका, त्यात ‘या स्लाइडवरून असं म्हणता येणार नाही’ असं मोठ्या सर्जनला तोंडावर सांगणं. त्याला बोलकी माणसंच लागतात.

मात्र एक गोष्ट तिला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. ती मायक्रोस्कोपकडे जाते आहे की कशापासून तरी पळते आहे? इंटर्नशिपमध्ये काही वाईट झालं होतं का? एखादा पेशंट तिच्या ड्युटीत गेला का? ते झालं असेल तर ब्रँच ठरवायच्या आधी त्याबद्दल कुणाशी तरी बोलून होऊ दे. आणि तिला खरोखर पेशींचे आकार, रंग, नमुने बघण्यात मजा येत असेल, तर ती मजा फार थोड्या लोकांना येते. ती असली की कामाचा थकवा वेगळा असतो.

शेजारच्यांना ताप आल्यावर ती काय सांगणार ही तुमची न लिहिलेली काळजी असेल, तर तीही सोडा. माझ्याकडेही शेजारचे तापासाठी येतात. मी त्यांना त्यांच्या डॉक्टरकडे पाठवते.

आणि बाबांना सांगा, तिच्याशी बोला. न बोलता वाईट वाटून घेतलेलं मुलांना कळतंच, आणि ते जास्त लागतं.

प्रश्न : मी रेडिओलॉजीचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट आहे. ब्रँच मिळाली तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. आता दिवसभर सीटी बघतो, रिपोर्ट सांगतो, संध्याकाळी वाटतं की आज एकाही माणसाशी धड बोललो नाही. मेडिसिनचे मित्र पेशंटबद्दल सांगतात तेव्हा हेवा वाटतो. ब्रँच बदलू का?
– एक रेसिडेंट

उत्तर : लगेच नको. आधी बघा की तुम्हाला पेशंटची उणीव भासते आहे की निव्वळ माणसांची. मित्रांबरोबर रोज जेवायला बसलात आणि तरीही ही हुरहुर राहिली, तर ती पेशंटची. नाहीतर ती रात्रपाळ्यांची आणि एकटेपणाची आहे, आणि त्याचा उपाय ब्रँच बदलणं हा नव्हे. मित्र जे पेशंट सांगतात ते निवडून सांगतात हेही लक्षात घ्या. डिस्चार्ज कार्डाबद्दल संध्याकाळी कुणी गोष्ट सांगत नाही.

खरंच पेशंट हवे असतील तर तुमच्या ब्रँचला एक मोठं दार आहे. 1964 च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टकडे 82 वर्षांची एक बाई आली. पायाची बोटं काळी पडली होती, सर्जन म्हणत होते पाय कापावा लागेल, ती तयार नव्हती. डॉटरनी मांडीतल्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत नळ्या घालून ती आतून रुंद केली. पाय वाचला. अडीच वर्षांनी बाई वारली तोवर ती रक्तवाहिनी उघडी होती. अँजिओप्लास्टीची सुरुवात ती. असे उपचार करणाऱ्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत आज तुम्हाला कन्सेंट घ्यावा लागतो, टेबलावरच्या जाग्या माणसाशी बोलावं लागतं, दुसऱ्या दिवशी राउंडला जावं लागतं. स्तनाच्या इमेजिंगमध्ये आणि गरोदरपणातल्या सोनोग्राफीतही माणूस समोर असतो, आणि तो पुन्हा येतो.

रिपोर्टिंगसुद्धा माणसाशिवायचंच असावं असं नाही. इस्रायलमधल्या यहोनातान टर्नर या तरुण रेडिओलॉजिस्टने 2008 मध्ये एक छोटा अभ्यास मांडला होता. सीटीच्या फाइलबरोबर पेशंटचा फोटो दिसेल अशी सोय केली. रेडिओलॉजिस्ट म्हणाले की पेशंट जवळचा वाटला. गंमत पुढे आहे. ज्या स्कॅनमध्ये त्यांनी अनपेक्षित काहीतरी शोधून नोंदवलं होतं, तेच स्कॅन तीन महिन्यांनी फोटोशिवाय त्यांना दाखवले, तेव्हा त्यातल्या बहुतेक गोष्टी रिपोर्टमध्ये आल्याच नाहीत. अभ्यास लहान होता, त्यावरून फार मोठं काही म्हणू नये. पण रिपोर्ट सांगायच्या आधी पेशंटची हिस्ट्री पूर्ण वाचणं, शंका आली तर वॉर्डात फोन करून ‘याचं नक्की कुठे दुखतंय’ हे विचारणं, आणि जमलं तर खाली जाऊन बघून येणं, याला कुणी तुम्हाला अडवलेलं नाही. मला स्वतःला असे रेडिओलॉजिस्ट आवडतात. त्यांचा रिपोर्ट वाचताना कळतं की या माणसाने पेशंट बघितलाय.

हे सगळं करून बघितलं, वर्ष गेलं, आणि तरीही मेडिसिनच्या मित्रांचा हेवा कमी झाला नाही, तर बदला. काही वर्षं जातील, लोक वेड्यात काढतील. माझी मैत्रीण दुसऱ्या वर्षी गेली होती हे वर लिहिलंच आहे. ती आजही तिच्या पेशंटच्या नातवंडांची नावं सांगते. आम्ही मैत्रिणी तिला मध्येच थांबवतो.

तोवर निदान सोनोग्राफीच्या ड्युट्या मागून घ्या. तुमच्या बॅचमध्ये त्या कुणालाच नको असतील, त्यामुळे आनंदाने देतील, आणि का हव्यात हे विचारणारही नाहीत.